कथाकाराचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी उजाडला की पुरवण्यांमधून लेखकांचे संकल्प वाचायला मिळतात. ‘यंदा रोज हजार शब्द’, ‘यंदा कादंबरी हातावेगळी करणार’ वगैरे. हेतूबद्दल शंका नाही, हिशेबाबद्दल आहे. रोज हजार शब्द म्हणजे वर्षाला ३ लाख ६५ हजार. डेमी आकाराच्या पानावर २६० शब्द धरले, तर साडेतीनशे पानांच्या चार कादंबऱ्या झाल्या! एवढे लिहायचे कोणी आणि छापायचे कोणी?

असा संकल्प साधारण संक्रांतीच्या आसपास मोडतो आणि त्याला आळस कारण नसतो. पहिल्या दिवशी हजार शब्द होतात. दुसऱ्या दिवशी माणूस कालचे वाचायला घेतो, वाचता वाचता दुरुस्त करू लागतो, वेळ त्यातच जातो आणि नवे शंभर शब्द पदरात पडतात. तिसऱ्या दिवशी नऊशेची थकबाकी डोक्यावर घेऊन बसावे लागते. थकबाकीदार जसा सोसायटीच्या कचेरीकडे फिरकत नाही, तसा लेखकही मग टेबलाकडे फिरकत नाही. शब्दांऐवजी बैठका मोजल्या तर हे टळते. पाऊण तासाची एक बैठक, आठवड्याला चार, बैठकीला ३०० शब्द. सणवार, लग्ने, आजारपणे, मुलांच्या परीक्षा वजा करून वर्षाचे ४० आठवडे हाती लागले, तरी ४८ हजार शब्द होतात, म्हणजे सुमारे १८५ पाने. पहिल्या खर्ड्याला एवढे पुष्कळ झाले. कालचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा, तोही हातात पेन न घेता, एवढे पथ्य पाळावे.

पण मुळात मराठी कथाकाराचे वर्ष दिवाळी ते दिवाळी असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या कथेचा हंगाम ठरून गेला. तेव्हा कॅलेंडर मागून पुढे न्यावे लागते. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, गेल्या वर्षी ते २१ ऑक्टोबरला होते. म्हणजे १८ दिवस जास्त मिळाले. ही कृपा अधिक महिन्याची. एरवी तिथ्या दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकत येतात, अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्ने नसतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातले चार-पाच रविवार मोकळे मिळतील. ज्यांना धोंड्याचे वाण घ्यायला सासुरवाडीला जायचे आहे, त्यांनी एखादा वजा करावा.

अंक स्टॉलवर दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे २० ऑक्टोबरच्या आगेमागे येतील. छपाई-बांधणीला तीन आठवडे, त्याआधी चित्रे, मांडणी, मुद्रितशोधन. म्हणून संपादकाला कथा १५ ऑगस्टला हवी असते आणि दिवाळी लांबली म्हणून ही तारीख फारशी लांबत नाही, कारण छापखान्यात रांग सगळ्यांचीच असते. १५ ऑगस्टला शेवटचा हात फिरवायचा, तर त्याआधी किमान तीन आठवडे कथा न बघता पडून राहिली पाहिजे. तिच्यातली लंगडी वाक्ये तोवर लेखकाला दिसतच नाहीत. म्हणजे दुसरा खर्डा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुरा व्हावा आणि पहिला अधिक महिन्यात. जानेवारीत मग काय करायचे? लिहायचे नाही. निवडायचे.

प्रत्येकाकडे अर्धवट कथांचा गठ्ठा असतो. तो अथपासून इतिपर्यंत वाचू नये, त्यात महिना जातो आणि जीवही. प्रत्येक कथेचे पहिले पान आणि जिथे हात थांबला ते पान, एवढेच वाचावे. कथा बहुधा तीन-चार कारणांनीच अडलेली दिसते. पात्राला काही हवेच नसते, ते नुसते खिडकीशी बसून आठवत राहते. किंवा निवेदन निम्म्यावर ‘तो’वरून ‘मी’वर घसरलेले असते. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे लिहिणाऱ्याचाच रस आटलेला असतो, अशी कथा खुशाल सोडून द्यावी. चौथे कारण मात्र सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: पुढचे माहीत नसते.

उदाहरणार्थ, भावाने बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले, अशी कथा. आपल्याकडे अशा कथांत भाऊ सही घेतो आणि दुसऱ्या दिवशी बहिणीचे नाव नसलेला सातबारा तिच्या हातात पडतो. असे होत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. मग तलाठ्याकडे (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे सातबारा बदलतो. लेखकाला हे माहीत नसते म्हणून त्याची कथा सहीपाशी संपते. माहीत असते, तर कथा तिथे सुरू झाली असती. नोटीस बहिणीच्या सासरी येते. पंधरा दिवस ती कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. नवरा विचारतो, कसला कागद होता? भाऊ या पंधरा दिवसांत दोनदा येऊन जातो, एकदा हुरडा घेऊन. ‘हरकत’ हा एकच शब्द तिला लिहायचा आहे. या कथेला आणखी घटना लागत नाही.

म्हणून गठ्ठ्यातल्या प्रत्येक कथेवर पेन्सिलीने एक ओळ लिहावी, ती का अडली. ज्यांच्यावर ‘माहिती हवी’ असे येईल, त्या वर काढाव्यात आणि जानेवारी-फेब्रुवारी चौकशीत घालवावेत. तीन कथा पुरतात. कोणाला काय विचारायचे, याची यादी त्याच कागदावर.

त्या यादीत एक प्रश्न हमखास असावा: या पात्राचे नवे वर्ष कधी सुरू होते? आपल्या कथांत सगळ्यांचेच ३१ डिसेंबरला उजळते, हे हल्ली फार झाले आहे. मराठवाड्या-विदर्भात सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, यंदा पाडवा १९ मार्चला आहे. त्याआधीच्या दिवसांत बोली चाललेली असते, जुने ठेवायचे की नवे धरायचे, आगाऊ किती घेतले होते. ऊसतोडणीवाल्या जोडप्याचे वर्ष मुकादमाकडून उचल घेतल्यावर आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत चढल्यावर सुरू होते. कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौका १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, किनाऱ्याला असतात. तिथला पहिला दिवस १ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमेनंतरचा. व्यापाऱ्याचा बलिप्रतिपदेला, हिशेबनिसाचा १ एप्रिलला. आणि १ जून ही तारीख तर कथाकाराने जपून ठेवावी अशी. शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिनाअखेर निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी कचेऱ्या-कचेऱ्यांत निरोपाचे हार. कधी जन्मलो ते माहीत नाही, पण त्यावरून घरी बसवले!

तारखांचे आणखी एक. भूतकाळातली कथा असेल तर त्या वर्षाचे पंचांग उघडल्याशिवाय रात्रीचे वर्णन लिहू नये. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. तेव्हा त्या रात्री आभाळात जवळजवळ पूर्ण चंद्र होता, पश्चिमेकडे कललेला. ढग घालायचे असतील तर घाला, पण ‘अवसेचा मिट्ट काळोख’ लिहिला की त्या गावचा वाचक पुस्तक तिथेच मिटतो.

चौकशीच्या दिवसांत एक हमालीचे कामही उरकता येते. जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या कथा युनिकोडमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, अवतरणचिन्हे उडतात. ‘र्या’ शोधून एका फटक्यात सगळीकडे ‘ऱ्या’ करण्याचा मोह होतो. तसे केले की ‘आचार्यांनी प्रवचन दिले’ या वाक्यात प्रवचन ‘आचाऱ्यांनी’ दिलेले असते. एकेक जागा बघूनच बदलावी लागते, दहा पानांना अर्धा तास धरा. हे ऑगस्टमध्ये करायला गेले की मुद्रितशोधकाच्या गळ्यात पडते, आणि त्याच्याकडे तेव्हा चारशे पाने असतात.

आता थोडे संपादकांसाठी, कारण सगळा दोष लेखकांचा नाही. कथेचे आमंत्रण जुलैत येते आणि सोबत ‘शब्दमर्यादा नाही’ असे उदार वाक्य असते. सप्टेंबरात फोन येतो, तीनशे शब्द कमी करा. खरी अडचण फर्म्याची असते, सोळा पानांच्या पटीत अंक बसवायचा असतो. पानाला साडेचारशे शब्द धरले तर साडेचार हजारांची कथा दहा पाने खाते, शीर्षक-चित्राचे अकरावे. हे गणित फेब्रुवारीतही तेच असते. तेव्हा आमंत्रण फेब्रुवारीत धाडावे, त्यात शब्दसंख्या आणि मानधन आकड्यात लिहावे, आणि कथा नको असेल तर तसे यंदाच्या गणेश चतुर्थीपर्यंत, १४ सप्टेंबरपर्यंत, एका ओळीत कळवावे. कारण सांगितले नाही तरी चालेल. त्या तारखेला कथा परत आली, तर जानेवारीच्या एखाद्या मासिकाकडे तरी वेळेत पाठवता येते.

आपला,
एक कथालेखक व नियमित वाचक