काळी मेंढरं विकू नका

सोलापूर
कोजागरीनंतरचा रविवार

ती. आई आणि आबा यांस,
सा. न. वि. वि.

आबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, दिवाळीच्या आत काळी मेंढरं काढायची आणि सगळा कळप माडग्याळ जातीचा करायचा. तेव्हा मला काही बोलता आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि गळाही दाटून आला होता. म्हणून लिहायला बसले.

तुमचा हिशेब मला कळतो. जतकडची माडग्याळ अंगानं मोठी, तिचं कोकरू लवकर वजन धरतं, बाजारात हातोहात जातं. अंगावर लोकर नसल्यातच जमा, म्हणजे कातरायची कटकट नाही. आपल्या काळ्या दख्खनी मेंढीची दोन कातरणींची लोकर मिळून वर्षाला अर्धा-पाऊण किलो. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा त्यातून निघत नाही. म्हणून तर गेल्या साली तुम्ही दोन पोती बांधावर ओतायला काढली होती. ती मी एसटीत घालून इकडं आणली. माझं हे लोकरीच्या लड्यांचं दुकान त्या दोन पोत्यांवर उभं राहिलंय आबा. हे मी तुम्हाला नीट बसून कधी सांगितलंच नाही.

पहिलं पोतं मी वाया घालवलं. लोकरीतली तेलकट चिकटी लवकर निघावी म्हणून उकळत्या पाण्यात साबण टाकून लोकर खसाखसा चोळली. केसाला बारीक खवले असतात, गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात. सगळी लोकर आवळून तिचा गोळा झाला. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या पोत्याला कोमट पाणी, रिठा, आणि हात न लावता नुसतं भिजत ठेवणं. पाणी तीनदा बदललं, दर वेळी तेवढंच कोमट. ते काळं पाणी मागच्या लिंबाला घालते, झाड यंदा लगडलंय.

आई, पिंजायला आणि कातायला मला तुझे हात आठवत होते. आजी वाड्यावर, म्हणजे मेंढरांमागच्या फिरत्या मुक्कामावर, चालता चालता लोकर कातायची चाती फिरवायची, काखेत पिंजलेल्या लोकरीचा पेळू, पुढं मेंढरं. मला ते येत नाही. इथं गल्लीत दोघी पद्मशाली मावश्या आहेत, आता विड्या वळतात, पण पूर्वी हातमागाच्या कांड्या भरायच्या. सुताचा पीळ त्यांना बोटांनीच कळतो. त्यांनी कधी लोकर हातात धरली नव्हती, आयुष्य सुतात गेलेलं. पंधरा दिवसांत त्यांचा चरखा असा चालायला लागला की मी बघतच राहिले. दोन पदर उलट्या पिळानं एकत्र वळतात, लडी भिजवून खाली वजन बांधून वाळवतात, मग पीळ बसतो. १०० ग्रॅमच्या लडीला त्यांना ६० रुपये देते, दुकानात ती १८० ला जाते.

सोलापुरात लोकर कोण घेणार, हा तुमचा पहिला प्रश्न होता. हे चादरीचं गाव, १८७७ साली इथं जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून सगळं सुताभोवती. आणि उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पण माझं गिऱ्हाईक स्वेटरवालं नाहीच. आपली लोकर जाड, केसाची जाडी ४० मायक्रॉनच्या पुढची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ३० च्या पुढं गेली की अंगाला टोचते, मेरिनो मेंढीची मऊ लोकर २० च्या आसपास असते. म्हणून मी अंगावरच्या कपड्यासाठी ती कुणाला देत नाही. आसनं, पायपुसणी, पिशव्या, भिंतीवरची विणकामं, यांना हीच लोकर हवी. ती झिजत नाही, आणि तो काळा रंग मेंढीचा स्वतःचा, विटला तरी तांबूस छटेवर जातो. क्रोशा करणाऱ्या बायका येतात, कलामहाविद्यालयातली मुलं येतात, पुण्या-मुंबईला कुरिअरनं जातं.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. मी गिऱ्हाइकासमोर दोन्हीचा धागा जाळून दाखवते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. आपला धागा केस जळल्यासारखा वास सोडतो आणि राख बोटांत चुरते. हे बघितल्यावर माणूस लडी हातात घेऊन वास घेतो. त्या वासानं मला दर वेळी वाडा आठवतो, वाटेत जन्मलेली कोकरं घोड्यावरच्या झोळीत घालून तुम्ही पुढं निघायचात तो.

तुम्ही म्हणालात, “लोकर इकून पोट भरतंय व्हय?” नाही भरत, आबा. लोकरीचा पैसा माडग्याळच्या कोकरांची बरोबरी करणार नाही, तुम्हाला खोटी आशा मी लावणार नाही. माझं मागणं एवढंच, की चाळीस काळ्या ठेवा, बाकीचा कळप तुम्हाला हवा तसा करा. कातरणीची सगळी मजुरी माझी, वर किलोला ८० रुपये, पोतं उचलायला मी येईन. त्यांची कोकरं तुमचीच, ती नेहमीसारखी विका. महूदच्या शेळी-मेंढी महामंडळाच्या प्रक्षेत्रावर चांगल्या दख्खनी नराची चौकशीही मीच करते. दुष्काळात वाळल्या कुसळावर तगून चालणारी मेंढी कोणती, हे तुम्हीच मला शिकवलंत.

कातरायच्या चार दिवस आधी मेंढरं धुऊन निघावीत म्हणून ओढ्यावर पोहणी घाला. पाठीवर रंगाची खूण करू नका, तो धुऊन निघत नाही; खूण डोक्यावर करा. पोटाची आणि शेपटीची लोकर वेगळी ठेवा. जावळ तर अजिबात मिसळू नका. कोकरांची ती पहिली लोकर इतकी मऊ असते की पूर्वी जावळीचं घोंगडं लेकीच्या लग्नाला जपून ठेवायचे. तिची लडी मी वेगळ्या फळीवर मांडणार आहे.

आई, आजीची चाती माळ्यावर पितळी डब्याशेजारी असेल. ती काढून ठेव. मावश्यांना बघायची आहे आणि मला शिकायची आहे. दिवाळीला मी येते, तोवर काळ्या मेंढ्यांचा सौदा कुणाशी करू नका.

तुमची थोरली