मंत्रिमहोदय, आधी तो सिमेंटचा गिलावा थांबवा

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या जुन्या सैनिकी शाळेच्या बराकींची दुरुस्ती चुन्यातच होईल, असा शब्द आम्हाला मिळाला होता. गेल्या आठवड्यात पश्चिमेच्या बराकीवर सिमेंटचा गिलावा चढला. शब्द देणाऱ्यांनी साधं उत्तरही दिलेलं नाही.

वीट-चुन्याची जाड भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बुजते. ओल आत कोंडते, क्षार साचतात, लोणा लागतो, म्हणजे क्षारांनी भिंतीचा भुसा पडू लागतो. पुढे भिंतीत बसवलेली सागवानी तुळयांची टोकं कुजतात आणि छपरावरची कौलं सरकतात. त्यात भर म्हणून पेव्हर ब्लॉक जोत्याच्या (भिंतीखालच्या चौथऱ्याच्या) वर आणून भिंतीला भिडवलेत. पावसाचं पाणी जाणार कुठे? खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलतो.

उपाय आहे. गिलावा हातोडी-छिन्नीने हळूहळू काढा, यंत्राचा ब्रेकर नको. विटांमधल्या दरजा (सांधे) इंचभर खोल मोकळ्या करा. कळीचा चुना (भाजलेली चुनखडी) पाण्यात विझवून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा, मग सुरखी (भाजक्या विटेची पूड) आणि धुतलेली वाळू मिसळा. प्रमाण जुन्या चुन्याचा नमुना तपासूनच ठरवा. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. वर ओलं गोणपाट दोन आठवडे. काम दिवाळीनंतरच काढा. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत चुना पकडण्याआधीच वाळतो आणि भुगा होतो.

हे जाणणारे गवंडी अजून आहेत. पण निविदेत चुन्याला वेगळा दरच नाही, गिलाव्याचं बिल चौरस मीटरवर निघतं आणि काम सर्वांत स्वस्त बोलीला जातं. मग सिमेंटच येणार! प्रत्येक जुन्या इमारतीचा असाच जीव घेतला जातो आणि फाइलवर ‘काम पूर्ण’ असा शेरा पडतो.

सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला लढाई झाली. कन्हानकाठी कामठीची छावणी १८२१ मध्ये बसली. नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली. सैनिकी शिक्षणाशी एवढं जुनं नातं असलेल्या शहराला बराकीच्या चार भिंती नीट राखता येऊ नयेत, याचा आम्हाला संताप येतो.

उरलेल्या बराकींचं काम आजच थांबवा. पेव्हर भिंतीपासून तीन फूट मागे घ्या. आणि एकदा स्वतः या. उत्तरेच्या कोपऱ्यात पूर्वीच्या दुरुस्तीतल्या सिमेंटचा पोपडा पडलाय. तो उलटा करून बघा, पाठीला विटेची साल चिकटून आलीय.

आपले,
चुनाकाम जाणणारे नागपूरकर