बूट चांगले घेतलेस, पण ग्लेशियरवर नेऊ नकोस

पुणे, रविवार

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तू जुन्या बाजारातून घेतलेल्या त्या चामड्याच्या गिर्यारोहणाच्या बुटांचे फोटो पाहिले. फोनवर मी नुसतं "छान आहेत" म्हणाले, कारण शेजारी बाबांचं "तिकडे नवे मिळत नाहीत का, कोणाचे वापरलेले कशाला" सुरू झालं होतं. त्यात धड बोलणं होणार नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी कौतुक. पंचवीस युरोत माल चांगला उचललास. अर्थात तू राहतोस तो मुलूखच बुटांचा. जर्मनीत म्युनिकच्या उत्तरेला फियरकिर्शेन नावाचं गाव आहे. तिथे हान्स वाग्नरने 1921 मध्ये हानवाग ही बुटांची कंपनी सुरू केली आणि दोनच वर्षांनी त्याच्या भावाने, लोरेंत्सने, येत्सेनडॉर्फला लोवा काढली. आमच्या वेळी ही नावं परदेशी मोहिमांच्या फोटोंत पाहायची आणि उसासा टाकायचा, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. तू तिथल्या जुन्या बाजारातून पिशवीत घालून आणतोस!

तिसऱ्या फोटोत सोलच्या कडेने दोन शिवणी शेजारी-शेजारी गेलेल्या दिसतील, नीट बघ. वरचं चामडं आत न दुमडता बाहेर काढून मधल्या थरावर शिवलंय. या कामाला वेळ लागतो आणि मनगटात जोर लागतो. पण सोल झिजला की उसवून नवा बसवता येतो, वरचा बूट तसाच राहतो. चामडं अख्ख्या जाडीचं आहे आणि बाजूंना जोड जवळपास नाहीतच. जोड जितके कमी, तितक्या पाणी शिरायच्या वाटा कमी. जीभ दोन्ही अंगांनी शिवलेली, म्हणजे भुसभुशीत बर्फ नाड्यांमधून आत घुसत नाही. आणि खाली व्हिब्रम या सोलच्या कंपनीचा पिवळा अष्टकोन.

त्या अष्टकोनामागे सहा माणसांचा मृत्यू आहे. 1935 साली इटलीतल्या पुंता राझिका शिखरावर सहा जण वादळात सापडून गारठून गेले. तेव्हाची रीत अशी, की पायथ्यापासून खिळे ठोकलेले जड बूट घालून यायचं आणि कातळाला हात घालायच्या आधी ते काढून मऊ तळाचे हलके जोडे चढवायचे. हवा बिघडली तेव्हा ही मंडळी त्या हलक्या जोड्यांवर होती. त्या मोहिमेत मिलानचा विताले ब्रामानी होता, तो वाचला. पुढे पिरेली या टायरच्या कंपनीच्या मदतीने त्याने 1937 मध्ये खोल दातांचा रबरी सोल आणला, कातळावरही धरेल आणि बर्फावरही. त्याच्या नावा-आडनावाची सुरुवात जोडून व्हिब्रम. 1954 मध्ये के-टूवर पहिल्यांदा पोचलेल्या कोम्पान्योनी आणि लाचेदेल्ली या जोडीच्या पायांत हाच सोल होता.

त्याआधीचे खिळ्यांचे बूट तर मला बघूनच हुडहुडी भरते. लोखंडाचा खिळा सोलमधून आरपार, म्हणजे तळव्याची ऊब थेट बर्फाला. 1924 मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मॅलरीचा मृतदेह 1999 मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या उजव्या पायात तसला बूट होता. त्याचा जोडीदार अर्विन शंभर वर्षं बेपत्ता. 2024 च्या सप्टेंबरात एव्हरेस्टखालच्या रोंगबुक ग्लेशियरवर एक बूट सापडला, आत पाऊल होतं आणि मोज्यावर नावाची पट्टी शिवलेली, 'ए. सी. अर्विन'. चामडं टिकतं रे. त्याबद्दल वाद नाही.

आता तू लिहिलंयस त्याकडे येते: "आई, हे तुमच्या काळातले खरे बूट." हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय, गिर्यारोहकांच्या प्रत्येक संमेलनात, चहाच्या टेबलापाशी. पन्नाशी-साठी उलटलेले लोक एकमेकांना सांगत असतात की त्या बुटांची सर आताच्या बुटांना नाही. मीही माना डोलावल्यात. पण तुझा बेत जुलैत ऑस्ट्रियातल्या स्टुबाईच्या ग्लेशियरवर हेच घालून जायचा आहे, म्हणून आता मान डोलावून भागणार नाही.

आमच्या ग्रुपकडे चामड्याच्या बुटांची मोजकी जोडं होती, कुणीतरी काठमांडूला थामेलमधून आणलेली. परदेशी मोहिमा जाताना सामान विकून टाकत, ते तिथल्या दुकानांत टांगलेलं असे. सह्याद्रीत या बुटांचा काही उपयोग नाही. आपल्याकडे सगळे कॅनव्हासचे हंटर शूज नाहीतर सरळ अनवाणी. पण हिमालयात जायचं ठरलं की ज्याचा नंबर त्याच्याकडे ते जोड जाई. माझ्या वाट्याला आलेलं जोड माझ्याआधी कमीत कमी तिघांनी वापरलेलं, तिघेही पुरुष, आणि ते मला एक नंबर मोठं. आत बोटांपाशी केसरीचा कागद कोंबायचा, वर लोकरीचे दोन मोजे. चामडं आधीच्या माणसाच्या पायाचा आकार घेऊन बसलेलं असायचं. त्याच्या अंगठ्याच्या हाडाने पाडलेला फुगवटा माझ्या करंगळीशेजारी येई. नवे असोत की जुने, हे बूट वश करून घ्यावे लागत. मी ते पावसाळ्यात सिंहगडावर घालून जायचे, सलवार-कमीज आणि खाली हे रणगाडे. एक जोड दोन किलोच्या पुढे. पुणे दरवाज्यापाशी दही विकणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं होतं, "पोरी, मिलिटरीत हाईस व्हय?" घोट्यामागे फोड येऊन फुटले, पुन्हा आले, पुन्हा फुटले. मग कधीतरी एका चढाला लक्षात आलं की आज टाच दुखलीच नाही.

आणि तिथपासून मात्र ते बूट खरंच माझे झाले. टणक बर्फात टाचेने पायरी मारली की ती बसायची. खालून दगड टोचत नाही, घोटा मुरगळत नाही. सुकल्यावर मेण चोळायचं काम मला फार आवडे. शिवणीत मेण जिरवायला मेणबत्तीपाशी बोट गरम करून घ्यायचं आणि टाक्याटाक्यावरून फिरवायचं. हे सगळं खरं आहे, खोटं कशाला सांगू.

पण कॅम्पवरची सकाळही तितकीच खरी. दुपारच्या उन्हात बर्फाचा चिखल होतो, त्यात चाललं की चामडं कितीही मेण लावलं तरी पाणी पितं. संध्याकाळी तेच पाणी चामड्यात गोठतं. म्हणून रात्री बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, पोटाशी. ओलं चामडं, घामेजलेली लोकर आणि रॉकेल यांचा तो एकत्र वास मला अजून येतो, आणि सांगते, काही रम्य वगैरे नाही. एखाद्या रात्री थकून बूट बाहेर राहिले, की पहाटे सुक्या खोबऱ्याच्या वाटीसारखे टणक. पाय आत जात नाही. ताणून घातलाच तर तो गोठलेला बूट पायातली ऊब ओढून घेतो. वरून क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फात रुतायला बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांचे, पट्टे. ते सैल ठेवले तर क्रॅम्पॉन निसटतो, आवळले तर चामडं दबून रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. त्या पट्ट्यांचा हिशेब कुणालाच नीट जमला नाही.

हिलरीलाही चुकलं नाही. 29 मे 1953 च्या पहाटे, शेवटच्या कॅम्पवर, उणे 27 अंशांत त्याचे बूट दगड झालेले. ते काही साधे बूट नव्हते. त्या मोहिमेसाठी खास बनवून घेतलेले, आत कापोकचा जाड थर. कापोक म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, आजी उशांत भरायची तोच. तरी गोठले. एव्हरेस्टच्या माथ्यावर जायच्या दिवशी त्या माणसाने दोन तास स्टोव्हवर बूट भाजले! तेनसिंग मात्र बूट पायात ठेवूनच झोपला होता, स्वित्झर्लंडचे, रेनडिअरच्या चामड्याचे. आदल्या वर्षी स्विस मोहिमेबरोबर तो किती वर जाऊन आला होता, ते तुला ठाऊकच आहे. हा शहाणपणा तिथला.

त्याच्या तीन वर्षं आधी अन्नपूर्णेवर काय झालं ते तर जगजाहीर आहे. 3 जून 1950 ला एरझोग आणि लाशेनाल हे दोघे फ्रेंच माथ्यावर पोचले, आठ हजार मीटरवरचं माणसाने चढलेलं पहिलं शिखर. लाशेनाल आल्प्समधल्या शामोनीचा गाईड, पाय हेच त्याचं पोट. चढताना त्याला कळत होतं की बोटं बधिर होताहेत. मधेच बूट काढून त्याने पाय चोळले. परत फिरूया का, असं विचारलं. एरझोग थांबणार नाही म्हटल्यावर त्याला एकट्याला सोडायला नको म्हणून तो वर गेला. परतीच्या वाटेवर डॉक्टरने त्याच्या दोन्ही पायांची सगळी बोटं कापली. मला त्या चढाईत झेंड्यापेक्षा हा माणूस जास्त आठवतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाच्याही पायाच्या दोन बोटांची टोकं गेली. नाव लिहीत नाही, तू त्याला काका म्हणतोस. तंबूत आम्ही त्याचे पाय खसाखसा चोळत बसलो होतो, कारण तेव्हा तसंच शिकवलं जाई. आता सांगतात चोळू नका, पेशी फाटतात, अंगाइतक्याच कोमट पाण्यात पाय ठेवा आणि पुन्हा गोठणार असतील तर वितळवूच नका. आणि गंमत बघ, चहाच्या टेबलापाशी त्या बुटांचं सर्वांत जास्त कौतुक हाच करतो. त्याला मी काही म्हणत नाही. तो त्या बुटांवर बोलतो तेव्हा तो स्वतःच्या पंचविशीवर बोलत असतो, आणि ते त्याला शोभतं. तुला ती पंचविशी आत्ता चालू आहे, तुला उसनी आठवण नको.

पुढे प्लॅस्टिकचे बूट आले, ऑस्ट्रियाचे कोफ्लाख वगैरे. बाहेरचं कवच पाणी पीत नाही, आतला मऊ बूट काढून झोपताना जवळ घेता येतो. दिसायला बादल्या, पण पहिल्यांदा घातले तेव्हा पहाटे पाय ऊबदार आहेत याच्यावर माझा विश्वास बसेना. (जुने प्लॅस्टिकचे मिळाले तर मात्र अजिबात घेऊ नकोस. बऱ्याच वर्षांनी ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि चालता चालता फुटतं.)

तर आता काम. सोलच्या आणि चामड्याच्या मधला थर अंगठ्याच्या नखाने दाबून बघ. चामडं किंवा साधं रबर असेल तर ठीक. फोमसारखा लागला, भुगा पडला, तर तो पॉलियुरेथेनचा आहे. हवेतल्या दमटपणाने तो आतून विरतो, बूट खोक्यात ठेवला तरी, आणि एके दिवशी अख्खा सोल हातात येतो. मग नव्या सोलशिवाय बाहेर पडू नकोस. शिवणीचा दोरा सुईने हलकेच उचलून बघ, सुती असेल तर कुजलेला असू शकतो. हीटरवर बूट वाळवायचे नाहीत, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि दर काही तासांनी बदलायचे. मेण पातळ लाव, तुझ्या हाताला थांबणं माहीत नाही म्हणून सांगते.

हे झालं की खुशाल घाल. जंगलातल्या वाटा, गवताळ डोंगर, पावसातला चिखल, यासाठी याहून चांगलं काही नाही. पण स्टुबाईसाठी बूट भाड्याने घे. तुझ्या अल्पाइन क्लबच्या, म्हणजे गिर्यारोहकांच्या मंडळाच्या, शाखेत सभासदांना सामान देतात, चौकशी कर. क्रॅम्पॉन त्या बुटांना लावूनच घे, आणि शाखेतच पाच मिनिटं चालून बघ, लाजू नकोस.

फोटोंत टाचेची आतली बाजू कुठेच दिसत नाही. अस्तर फाटलंय का, चामडं तडकलंय का, ते कळत नाही. उजेडात धरून तेवढा एक फोटो पाठव.

तुझी
आई