खोटी दाढी

धुळे,
6 एप्रिल

प्रिय दिल्या,

दिवाळीला 'सविस्तर लिहितो' म्हणालो आणि तोंड लपवून बसलो. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, मग पुढे वाच. फोन करता आला असता, पण फोन लागला की अण्णा कान टवकारतात. 88 व्या वर्षी पाय गेला, नजर गेली, कान मात्र शाबूत. आणि तुझं व्हॉट्सअॅप तुझा नातू उघडून देतो. म्हणून पत्र. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर एक तर हसेल, नाहीतर एखाद्या डॉक्टरचं नाव सुचवेल.

माझी साखर ठीक. हिची पाठ तशीच. अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड बसलं, ते मात्र उठत नाहीत. इकडे पारा आत्ताच 42 ला टेकलाय. झालं.

आता ऐक. नाना अण्णांची दाढी करतात, पण वस्तऱ्यात ब्लेड नसतं.

नानांचं दुकान बंद झालं हे तुला बहुतेक मी कळवलंच नाही. लॉकडाऊनमध्ये गेलं. 28 जून 2020 पासून सलून उघडायला सरकारनं परवानगी दिली, पण कटिंगची, दाढीची नाही. नाना म्हणाले, "मंग अर्धंच दुकान उघाडू का?" आणि उघडलंच नाही. आता त्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. त्याआधीची सातआठ वर्षं मीसुद्धा देवपुरातल्या एसी सलूनमध्ये जात होतो, हेही सांगून टाकतो. पाचकंदीलकडे काम निघालं की गल्ली नंबर 4 टाळून पुढच्या गल्लीतून जायचो. एकदा नाना तिथेच समोर आले. माझ्या मानेकडे बघून म्हणाले, "कल्ले एकखाले-एकवर करी दिनात ना भो." बस, एवढंच. दोन रात्री झोप नाही.

अण्णा पडल्यापासून नाना दर रविवारी सकाळी घरी येतात. तीच पत्र्याची पेटी, तीच पितळी वाटी. अण्णांच्या गळ्याशी फडकं खोचतात, फेस करतात. मग पाकिटातून ब्लेड काढायचं, कागदासकट मधोमध दुमडायचं, टक्! अर्धं वस्तऱ्यात, अर्धं परत पाकिटात. तो आवाज माझ्या कानात इतका बसलाय की स्वयंपाकघरात चहा गाळतानाही कळायचं, आता सुरू झाली.

आपल्या वेळचा वस्तरा अखंड पोलादाचा होता, आठवतं? खुर्चीला टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर सप् सप् फिरवून नाना आधी स्वतःच्या मनगटावरचे केस उडवून बघायचे. पुढे एड्सच्या पाट्या लागल्या, नवीन ब्लेडचाच आग्रह धरा म्हणून. तेव्हा नानांनी तो वस्तरा फडक्यात गुंडाळून ठेवला आणि महिनाभर कुठल्याच गिऱ्हाइकाशी नीट बोलले नाहीत. माझ्यावर संशय घेता का, असं म्हणायचे. कोणाला म्हणायचे कोण जाणे, बहुतेक सेना महाराजांच्या तसबिरीला.

तर होळीनंतरच्या रविवारी नानांचा हात थरथरला. तसा तो वर्षभर थरथरतोच आहे, चहाची बशी वाजते. पण त्या दिवशी अण्णांच्या हनुवटीखाली कापलं. फार नाही, तांदळाएवढं. नानांनी तुरटी दाबून धरली ती सोडेनातच. अण्णा डोळे मिटून म्हणाले, "डास चावला वाटतं." मार्चमध्ये, सकाळी नऊ वाजता!

पुढच्या रविवारी मी चहा गाळत होतो आणि टक् आलंच नाही. बाहेर येऊन बघतो तर फेस लावून झालेला, नानांचा हात गालावरून वरून खाली, मग खालून वर. दोन बोटांनी कातडी ताणणं, फेस मनगटाला पुसणं, सगळं नेहमीसारखं. फक्त खरखर नव्हती. फेसात एक केस नव्हता. शेवटी तुरटी फिरवली, पाणी लावलं, पावडरीचा पफ मारला आणि विचारलं, "व्हयनी ना नीट?" अण्णांनी आठ दिवसांच्या खुंटांवरून तळहात फिरवला. म्हणाले, "एक नंबर व्हयनी." उशीखालून पन्नासची नोट काढून दिली. नानांनी ती टोपीत ठेवली आणि निघाले.

दिल्या, मी तिथे गाळणी हातात धरून उभा होतो आणि मला अण्णा दिसतच नव्हते. नववीतला तू दिसत होतास. 1978 चा हिवाळा. दाढी केली की मिशा लवकर फुटतात म्हणून तू चार दिवस नानांच्या मागे लागला होतास. नानांनी तुला मोठ्या माणसासारखं खुर्चीत बसवलं, पोरांची ती फळी न लावता. समोरासमोरच्या दोन आरशांत तुझे अकरा दिल्या दिसत होते, तूच मोजले होतेस. आणि नानांनी वस्तऱ्याची पाठ फिरवली, धार नाही. मी बाकावर बसून बघत होतो. त्यांनी मला डोळा मारला. तू खाली उतरलास ते गाल चोळत, चार आणे दिलेस, नानांनी ते घेतले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी अख्ख्या वर्गाला सांगितलं. तू माझा डबा पांझरेत फेकलास. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता त्यात. डबा पितळी होता आणि घरी त्याचा मार मलाच बसला, हे मी आजही विसरलेलो नाही. तू होळीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. नानाही बोलले नाहीत. पुढची कटिंग केली तेव्हा ते केस उपटणारं मशीन मानेवरून असं काही चालवलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि कानाशी येऊन म्हणाले, "तुना काय जास व्हतं रे?"

तेच आता माझ्या डोक्यात बसलंय. माझं काय जात होतं?

पण या वेळी जातंय ना, लेका. दाढी वाढतेय! चार रविवार झाले. आमचा छोटा त्यांना साधूबाबा म्हणतो. ही म्हणते, "वीस मिनिटांचे पन्नास रुपये, आणि करतात काय, गाल पुसतात?" तिला मी अजून काही बोललो नाही, पण बायकांना कळतं. आणि पंधरा दिवसांवर आखाजी. ताई येणार नाशिकहून. दारातूनच ओरडेल, बापाकडे लक्ष नाही तुमचं. मांडे राहतील बाजूला, सण त्यातच जाईल.

मी काय काय केलं ते सांगतो, हसू नकोस. माझं रेझर घेऊन बुधवारी अण्णांजवळ बसलो. म्हणाले, "राहू दे, रविवारी नाना करतील." रात्री झोपेत करावी म्हणून मुलाचं ट्रिमर आणलं. ते घुर्र झालं आणि अण्णांनी डोळे न उघडता तोंड भिंतीकडे फिरवलं. देवपुरातल्या पोराला घरी बोलवावं तर रविवारी नाना गुळगुळीत गाल बघणार. मग ते काय करतील? फेस लावतील का? आणि अण्णा काय म्हणतील, एक नंबर व्हयनी?

अण्णांना कळलंय का, हे मला कळत नाही. बोटांना कळत नसेल असं कसं होईल? कचेरीत चाळीस वर्षं रोज दाढी करून गेलेला माणूस. आणि नानांना कळलंय का, की अण्णांना कळलंय? पन्नासची नोट दिली जाते, घेतली जाते. कोण कोणाला सांभाळतंय याचा मला पत्ता नाही आणि मध्ये मी गाळणी घेऊन उभा.

काल रविवार होता. काल मी ठरवून बाहेर आलो, नानांच्या समोर बसलो. म्हटलं आज विचारतोच. त्यांनी वस्तरा उघडला, रिकामा, माझ्या डोळ्यांदेखत, आणि माझ्याकडे बघितलं. डोळा नाही मारला. नुसतं बघितलं. मी उठून चहा करायला गेलो. आधीच केलेला होता.

तर तू सांग. फसवली गेलेली दाढी करून घेतलेला माझ्या ओळखीचा तू एकटाच आहेस. तुला खरंच त्या दिवशी कळलं नव्हतं का? का खुर्चीत असतानाच कळलं होतं आणि चार आणे देऊन गप्प उतरलास, आणि राग आला तो मी वर्गात सांगितलं म्हणून? 47 वर्षांत मी हे कधी विचारलं नाही. आता मला ते अडलंय. नीट आठवून लिही, फुशारकी मारू नकोस.

तुझं राहिलंच. सुनेचं बाळंतपण नीट पार पडलं असेल, मुलगा की मुलगी तेही मला माहीत नाही, बघ. वहिनींचे गुडघे कसे आहेत? उधन्याचं दुकान मुलाकडे दिलंस म्हणे, बरं केलंस. आखाजीला सुरतहून नंदुरबारपर्यंत गाडीने ये, पुढे एसटी आहेच. शेवभाजी माझ्याकडून. नाहीतर निदान ताई यायच्या आत पत्र तरी टाक.

तुझा,
बंड्या

ता. क. निघताना नानांनी तुझी चौकशी केली. "सुरतवाला कसा शे? त्याले दाढी येस का आते?"