चुलीची चाचणी आषाढातल्या जळणावर घ्या

मा. संपादक,

गगनबावडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्या भागात बचत गटाच्या महिलांना सुधारित चुली दाखवण्याचा कार्यक्रम नुकताच झाला. चुलीसोबतच्या कागदावर एकच आकडा ठळक छापला होता : औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्यापर्यंत पोचणारा वाटा, 30 टक्के. चाचण्या किती घेतल्या, लाकडात ओल किती होती, प्रत्येक वेळी काय उत्तर आलं, यातलं काहीच नव्हतं. विचारलं तर 'प्रयोगशाळेची सरासरी आहे' असं सांगण्यात आलं. एवढ्यावर चूल घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

आयएस 13152 या भारतीय मानकाच्या 2013 च्या आवृत्तीत साध्या चुलीला किमान 25 टक्के आणि पंखा बसवलेल्या चुलीला किमान 35 टक्के कार्यक्षमता लागते. आता समजा, तीन चाचण्यांत 27, 30 आणि 33 असे आकडे आले. सरासरी 30, साधी चूल पास. पण संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीनं 95 टक्के विश्वासाची मर्यादा काढली, तर खरी सरासरी साधारण साडेबावीस ते साडेसदतीस यांच्यामध्ये कुठंही असू शकते. म्हणजे तीच चूल नापासही निघू शकते, किंवा पंख्याच्या चुलीच्या तोडीचीही. आकड्यांतला चढउतार तेवढाच ठेवून दहा चाचण्या घेतल्या, तर ही मर्यादा 28 ते 32 पर्यंत आवळते. चुलीवर पाणी उकळून कार्यक्षमता मोजण्याच्या जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत किमान तीन चाचण्या सांगितल्या होत्या. लाकडाच्या आगीसारख्या लहरी गोष्टीला तीन फार कमी आहेत.

लहरी का, हे चुलीपुढं बसणाऱ्या बाईला विचारावं. लाकूड जाड की बारीक, एकदम सारलं की थोडं थोडं, दार उघडं होतं का, पातेल्यावर झाकण होतं का, एवढ्यानं उत्तर बदलतं. गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालणारा बदलला की आधण बदलतं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. शिवाय वाफेचा हिशेब आहेच. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 300 किलोज्यूल लागतात, पण तेवढ्याच पाण्याची वाफ करायला सुमारे 2260. जुन्या पद्धतीत उडालेल्या वाफेची उष्णताही उपयोगी धरली जायची. त्यामुळे मंद आचेवर राहू न शकणारी, पाणी भसाभसा उडवणारी चूल कागदावर हुशार ठरायची. भात शिजवणारीला त्या वाफेचा काय उपयोग?

आणि ओल. प्रयोगशाळेत लाकूड एकसारखं चिरलेलं आणि वाळवलेलं असतं. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही. जळण पडवीत रचा, शेणींचा हुडवा कागदानं झाका, तरी दमटपणा आत शिरतोच. ज्या लाकडात वजनाच्या पाव हिस्सा पाणी आहे, त्याच्या एका किलोत जळण्याजोगं पाऊणच किलो. त्यातलीही काही उष्णता आतलं पाणी उडवण्यात जाते. धूर सगळ्यात जास्त होतो तो याच दिवसांत, दारं-खिडक्या बंद असताना. वर्गातल्या मुलींचे डोळे लाल असतात तेही याच दिवसांत. चाचणीत नेमका हाच ऋतू नाही.

भाकरीही नाही. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभी धरायची असते, तेव्हा ती फुगते. ज्या चुलीच्या तोंडाशी आर ओढायला जागा नाही, ती कितीही कार्यक्षम असली तरी दोन महिन्यांत अडगळीत जाते आणि शेजारी जुनी चूल पुन्हा पेटते. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी चार वर्षं पाहणी केली. सुधारित चुलीमुळं पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढं फरक उरला नाही, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही.

मार्ग नाही असं नाही. आयएसओ 19867-1 या 2018 च्या आंतरराष्ट्रीय मानकात तीव्र, मध्यम आणि मंद अशा तिन्ही आचांवर चाचणी आहे, तर 2019 चं आयएसओ 19869 प्रत्यक्ष घरांतल्या मोजणीसाठीच आहे. माझी मागणी साधी आहे. सरकारी पैशातून किंवा बचत गटांमार्फत चुली घेताना प्रत्येक चाचणीचा वेगवेगळा आकडा, लाकडातली ओल आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंची मर्यादा मागा. एक फेरी ओलसर जळणावर आणि एक भाकरीवर घ्यायला लावा. शिवाजी विद्यापीठातल्या आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीतल्या स्वयंपाकघरांत आषाढात ही मोजणी करावी. वजनकाटा आणि तापमापी शाळेतून मिळवून देण्याची आणि घरं दाखवण्याची जबाबदारी मी घेते.

– एक विज्ञान शिक्षिका, ता. गगनबावडा, जि. कोल्हापूर