शिवणबाई, दोरा वर धरल्याबद्दल

आदरणीय बाई,
सा. न.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं 'बाई'. तुमच्या हाताखाली शिवण शिकलेल्या पोरी तेवढ्यावरूनही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

महालक्ष्म्या काल उठल्या. घरात अजून आंबिलीचा वास आहे, पुरणाचं पातेलं भिजत पडलंय आणि मी लिहायला बसलेय. आज राहिलं तर राहिलंच. पुढं सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, मग दिवाळी.

तुमच्याकडं मी आले तेव्हा माझा चेहरा कसा होता ते तुम्ही पाहिलंय, पण त्याआधी काय झालं ते धड सांगितलं नव्हतं. आईच्या लोखंडी पेटीत तो एप्रन सापडला, अर्धवट. सोबत ते पाकीट. वर हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र, खिशावर घंटा आणि काटेरी पानं, आत कापड बेतायचा, पतंगाच्या कागदासारखा पातळ तपकिरी कागद. आई लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात कामाला होती, तिथल्या परदेशी नर्सबाईंनी जाताना तिला दिलेलं. नाताळचा एप्रन. आईनं तो महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकासाठी करायला घेतला आणि पानांतल्या लाल फळांवर काळ्या दोऱ्याची एकेक गाठ मारली. झाल्या गुंजा! हे तुम्हीच आधी ओळखलंत. मी आपली इतके दिवस त्याला डाग समजत होते.

तर मी तो घेऊन गेले जिल्ह्याच्या ठिकाणी, एका बुटीकमध्ये. काचेचं दार, आत एसी. तिथल्या ताईंनी कागद बोटाच्या टोकानं उचलला आणि म्हणाल्या, "ऑनलाइन दोनशेत मिळतो की!" तरी ठेवून घेतला. आषाढापासून श्रावण अर्धा सरेपर्यंत माझ्या सहा खेपा झाल्या, एसटीनं, कधी उभ्यानं. शेवटी हातात काय आलं? छातीच्या भागाचा कागद स्टेपलरनं कापडाला टोचलेला, दोन ठिकाणी फाटलेला, वर चिकटपट्टी. कागदावर ५/८ छापलेलं, म्हणजे शिवणीसाठी पाऊण इंचाला थोडं कमी सोडायचं, ते कोणी वाचलंच नव्हतं. पाव इंचावर टीप मारून छातीचा भाग असा ढगळ केला, की त्यात माझ्यासोबत जाऊही मावली असती. आणि वर सल्ला: आईनं खिशावर भरलेली वेल वाकडी आहे, उसवून मशीनची एम्ब्रॉयडरी मारून देऊ. पैसे मात्र आधीच घेतले होते.

गावातल्या टेलरदादांनी तर हात जोडले. ते बरं. नाही म्हणणारा माणूस निदान कागद फाडत नाही.

तुमच्या दारी मी आले ती तान्ह्या पोळ्याला. दिवसच वाईट निवडला होता. ओसरीवर लाकडी बैल घेऊन पोरांची रांग, तुम्ही एकेकाच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवताय, नातू मधेच रडतोय. मी म्हटलं, उद्या येते. तुम्ही पैशाची वाटी सुनेच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ये आत, पाहू दे."

पुढचं सगळं इथं लिहीत नाही. कोमट इस्त्रीखाली तो कागद तुम्ही सुरकुती-सुरकुतीनं कसा सरळ केलात, वर्तमानपत्रावर त्याची नक्कल काढून कात्री नकलेलाच कशी लावलीत, मूळ कागदाची घडी पुन्हा पाकिटात गेली तेव्हाच तुम्ही श्वास सोडलात, हे मला जन्मभर पुरेल. वेगवेगळ्या मापांचे असे कागद विकायची सुरुवात १८६३ मध्ये अमेरिकेतल्या बटरिक नावाच्या शिंप्यानं केली, हेही तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. छातीचं कापड नव्यानं घ्यावं लागणार होतं, तर म्हणालात, "वर्ध्याला मगन संग्रहालयात जा, तशी खादी तिथंच भेटंल." १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं ते संग्रहालय. शाळेच्या सहलीत एकदा गेले होते, तेव्हा चरखे पाहिले आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. या वेळी तिथं अर्धा तास नुसती कापडावर हात फिरवत उभी होते.

पण पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

तुम्ही खिसा खिडकीपाशी नेलात. चष्मा कपाळावर ढकललात, कापड नाकाशी धरलंत, मग उलटं करून पाहिलंत, पुन्हा सुलटं. बाहेर पोरं ओरडत होती. आणि तुम्ही एकदम म्हणालात, "तुही माय डावरी होती काय वं?"

बाई, हे माझ्या वडिलांनाही कोणी कधी विचारलं नाही. आईची डाव्या हाताची सवय लहानपणीच आजीनं मोडून काढली होती. जेवण, वाढणं, कुंकू लावणं, सही, सगळं उजव्यानं. सुई तेवढी डाव्या हातात, तीही दुपारी, सगळे लवंडले की. मला वाटायचं, हे जगात फक्त मलाच ठाऊक आहे. आणि तुम्ही ते चार इंच वेलीत वाचलंत.

मग मला समजावलंत. दांडी टाका घालताना उजव्या हाताची बाई डावीकडून उजवीकडं जाते, दोरा सुईच्या खाली ठेवते, म्हणून वेलीचा पीळ एका अंगाला पडतो. डावरीचं सगळं आरशातल्यासारखं, पीळ उलटा. बुटीकवाल्यांना जी वेल वाकडी दिसली ती वाकडी नव्हतीच.

मी भीत भीत विचारलं, उसवावं लागेल का? तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जसं काही मी तुळस उपटायची परवानगी मागितली. "उसवाले काय झालं? तिचं बरोबर हाय."

आणि तुम्ही सहापदरी दोऱ्यातले तीन पदर वेगळे केलेत, आईनं घेतले होते तेवढेच, सुई ओवलीत, आणि दोरा अंगठ्यानं सुईच्या वर धरलात. पोरींच्या हातावर पट्टी मारून ज्या बाईंनी तीस वर्षं "दोरा खाली, दोरा खाली" घोकून घेतलं, त्यांनी माझ्या आईसाठी दोरा वर धरला. तुमचा पीळ तिच्या पिळाला जाऊन मिळाला. इंचभर झाल्यावर सुई माझ्या हातात दिलीत. मी रडत होते तिकडं तुम्ही मुद्दाम लक्ष दिलं नाही. सुनेला म्हणालात, चहात साखर जास्त टाक.

हिरवा रंग मात्र जुळला नाही. तुमच्या बिस्किटाच्या डब्यातल्या सगळ्या लडी आपण लावून पाहिल्या. तुम्ही म्हणालात, राहू दे, मायचं आन् लेकीचं कधी सारखं असते का.

तुमची सर्टिफिकेटं भिंतीवर नाहीत, बाई. कपाटावर गुंडाळी करून ठेवलीत, मी पाहिली. ज्यांच्या भिंती भरलेल्या आहेत त्यांच्याकडं मी सहा खेपा घातल्या. दुसऱ्याचं काम हातात घेताना ते कोणाचं आहे हे आधी बघणं, एवढीशी गोष्ट. ती ना फी भरून येते ना एसी लावून. तुम्ही माझ्याकडून दोन लडी आणि एका रिळाचे पैसे घेतलेत, मजुरी म्हटल्यावर रागावलात. तुमच्यासारखी माणसं आपल्याकडं अजून आहेत, पण ती तालुक्याच्या गावात पाटी लावत नाहीत, म्हणून सापडायला उशीर होतो.

एप्रन आवाहनाच्या दिवशी घातला. सोळा भाज्या, कढी, वडे, पुरण, सगळं त्याच्यात. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, "कुठून आणला वं?" पुजनाच्या दिवशी हळदीची वाटी अंगावर उलटली, थेट खिशावर, गुंजांच्या बाजूला. मी गारठलेच. मग धुवून कडक उन्हात टाकला. आज संध्याकाळपर्यंत पिवळा बराच फिका झालाय.

सोबतच्या डब्यात फुलोऱ्याच्या करंज्या आहेत आणि चार पुरणपोळ्या. डबा परत पाठवू नका, मीच येते. खिशाची पायपिंग एका कोपऱ्यात सुटलीय, ती माझी टीप आहे, तुमची नाही. आणि पेटीच्या तळाशी आणखी एक पाकीट निघालंय. उघडलं नाही, तसंच घेऊन येते. इस्त्री तयार ठेवा.

तुमची,
डावरीची लेक