व्यसनमुक्तीची गोळी बंदरावर मिळू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मासेमारी बंदरावरून हे पत्र लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी होता. आधी गर्द, म्हणजे हेरॉइनची भुकटी, ओढायचा, पुढे सुई टोचून घेऊ लागला. आईला कळलं तेव्हा तिने त्याला दाराबाहेर काढलं. मी तिला अडवलं नाही, याची खंत अजून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळी मासेमारी बंदीत तो जाळ्यांच्या शेडमध्ये निपचित पडला. ओठ निळे पडले होते. सोबतचे दोघे पोलीस केसच्या भीतीने पळाले. एका रिक्षावाल्याने त्याला उचलून दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला. गर्दचा डोस असा जास्त झाला की नालोक्सोनचं इंजेक्शन थांबत चाललेला श्वास परत आणतं, हे मला नंतर कळलं. ते बंदराजवळच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि 108 च्या गाडीत असायलाच हवं.

आता तो ब्युप्रेनॉर्फिन घेतो. जिभेखाली विरघळणारी गोळी. ती घेतली की अंग मोडून येत नाही, जुलाब होत नाहीत, गर्दसाठी जीव कासावीस होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांत ती मोफत मिळते. पण गोळी रोज, केंद्रातल्या माणसासमोर घ्यायची, आणि आमचं केंद्र एसटीने अडीच तासांवर आहे. जाऊन-येऊन दिवस संपतो. माणूस कामावर उभा राहावा म्हणून दिलेल्या औषधापायीच माझ्या भावाचं काम सुटलं, साहेब.

बोट पहाटे सुटते, काही बोटी चार-सहा दिवस परतत नाहीत. म्हणून बंदरालगत, बोटी सुटण्याआधी उघडणारं केंद्र द्या. जे स्थिरावलेत त्यांना काही दिवसांच्या गोळ्या सोबत द्या. कोविडमध्ये हे केलंच होतं.

आणि स्वच्छ सुया. त्याने व्यसन वाढेल, असं आमच्या गावातही म्हणतात. माझा भाऊ सुई नव्हती म्हणून थांबला नव्हता, त्याने दुसऱ्याची वापरली. हिपॅटायटीस सी झाला. सरकारी उपचारांनी तो मोफत बरा झाला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण ती वेळ एका चहाच्या किमतीच्या सुईने टळली असती. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम 22 अशा सुया देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना संरक्षण देतं. बंदरावरच्या पोलीस चौकीला हे लेखी कळवा, नाहीतर सुई घ्यायला कुणी येणार नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा सगळी यंत्रणा वाळूत उतरली होती. ते योग्यच होतं. तशीच ती आमच्या पोरांसाठीही एकदा उतरू दे.

1 ऑगस्टला बोटी पुन्हा समुद्रात जातील. बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, भावाला घ्यायला तयार आहे, फक्त रोज पहाटे हजर राहा म्हणतो.

आपली,
एका खलाशाची बहीण